घातांक आला का गाडी इथंच फसते, या चुका टाळा

संध्याकाळी आमच्या ओट्यावर सातवी-आठवीचे पोट्टे गणितं घेऊन बसतात, आणि घातांक आला का सगळे त्याच दोन-चार जागी अडकतात. (खाली ^ ही खूण म्हणजे वर लिहिलेला घात, जसं १०^३ म्हणजे १० × १० × १०.)

सगळ्यात चिवट चूक सोप्या उदाहरणातच लपून राहते. हेक्टर घ्या, १०० मीटर लांब, १०० मीटर रुंद, म्हणजे १०^२ × १०^२ = १०^४ चौरस मीटर. पोट्टं म्हणते दोन दुणे चार, झालं! उत्तर बरोबर, रीत चूक, अन् तपासणाऱ्यालेही पत्ता लागत नाही. घातांची बेरीज करायची असते, गुणाकार नाही, पण दोन अन् दोनचं काहीही करा चारच येते ना बाप्पा. मग १०^३ × १०^२ दिलं का १०^६ लिहून मोकळं. मी म्हणतो घात सोड, आकडे मांड, हजार गुणिले शंभर म्हणजे लाख, लाखाले शून्य पाच, म्हणून १०^५. शिकवताना २ अन् २ घेऊच नका.

उलटं पण होते, १०^३ + १०^२ ले पण १०^५ लिहितात. अरे हजार अन् शंभर अकराशे होते, कापसाच्या हिशोबात चुकत नाही मग वहीतच काहून चुकते?

उणे घात दिसला का काही जण उत्तरच उणे करतात. १०^-३ म्हणजे उणे हजार नाही, एकाचा हजारावा भाग. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०^-३ मीटर, एका हेक्टरवर पडला तर १०^-३ × १०^४ = १०^१, दहा घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर पाणी. उणे हजार धरलं तर पाणी वावरातून वर आभाळात जाईन!

१०^० शून्य नाही, १ आहे: १०००, १००, १०, दर पायरीले दहानं भागत आलो, पुढचा १ च.

३.२ × १०^५ मध्ये मागे पाच शून्य चिकटवू नका, ३.२००००० हे ३.२ च राहते, दशांश चिन्ह पाच घरं उजवीकडे न्या, ३,२०,०००.

अन् मोबाईलच्या कॅल्क्युलेटरात लाख पाहिजे म्हणून १०ई५ (ई म्हणजे E, ‘गुणिले दहाचा घात’) टाकलं तर दहा लाख येते, कारण त्या ई मध्येच दहा बसला आहे, तिथं १ई५ टाका.