नाशिककरांपुढे समुद्राविषयी कसे बोलावे

नाशिकमध्ये सागरी जीवनावर बोलणारे बहुतेक वक्ते प्रवाळांच्या रंगीत चित्रफितीने सुरुवात करतात. श्रोते ती कौतुकाने पाहतात, पण समुद्राशी आपला संबंध वर्षाकाठी एखाद्या कोकण सहलीपुरताच आहे, हा त्यांचा समज तसाच राहतो. म्हणून सुरुवात त्र्यंबकेश्वरपासून करावी. त्या डोंगररांगेत पडलेला पाऊस दोन समुद्रांना मिळतो. गोदावरीतून सुमारे 1,465 किलोमीटर वाहून तो आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरात जातो आणि वैतरणेतून अरबी समुद्रात. भिंतीवर भारताचा मोठा नकाशा लावावा आणि श्रोत्यांपैकीच कोणाला तरी पुढे बोलावून रामकुंडापासून पैठण, नांदेड, राजमहेंद्री असे बोट फिरवायला सांगावे. मुखाशी आल्यावर मात्र घाई करू नये. काकीनाड्याजवळचे कोरिंगाचे खारफुटीचे जंगल याच नदीच्या गाळावर उभे आहे, आणि कोळंबी, खेकडे व अनेक माशांची पिल्ले तिथल्या मुळांच्या आश्रयाने वाढतात. नदीवरील धरणांमध्ये गाळ अडत असल्याने तो त्रिभुज प्रदेशापर्यंत पूर्वीइतका पोहोचत नाही आणि किनाऱ्याची धूप होते, हे ऐकल्यावर श्रोत्यांचे प्रश्न आपोआप सुरू होतात.

शाळेत बोलायचे असेल तर चित्रांपेक्षा वस्तू न्यावी. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस मिळतो. तो म्हणजे माकूल (स्क्विड) वर्गातील एका प्राण्याच्या शरीरातील कवच. मुलांच्या हाती देऊन त्याची कड मोडायला सांगावी, म्हणजे आतले कागदासारखे पातळ थर दिसतात. या थरांमधल्या पोकळ्यांतील वायू आणि द्रव यांचे प्रमाण बदलून तो प्राणी पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगत राहतो. तुकडा पाण्याच्या बादलीत टाकून दाखवावा आणि तो का तरंगतो हे आधी मुलांनाच विचारावे. उत्तर देण्याची घाई शिक्षकांनाही करू देऊ नये. शंख, शिंपले किंवा प्रवाळ यांचा संग्रह मात्र दाखवायला नेऊ नये, कारण त्यांतील अनेक प्रजातींना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि मुले पाहिलेल्या गोष्टींचे अनुकरण करतात. ‘इंद्रजाल’ म्हणून काही घरांत भिंतीवर टांगलेली फांदीसारखी वस्तू हा प्रवाळाचाच प्रकार असून त्याची खरेदी-विक्री बेकायदेशीर आहे. तीर्थक्षेत्राच्या शहरात हे आवर्जून सांगावे, पण कोणाच्याही श्रद्धेची टिंगल न करता.

निफाड किंवा दिंडोरीच्या शेतकऱ्यांशी बोलताना हवामानाची वाट धरावी. 2019 मध्ये हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा उबदार आणि पूर्व भाग थंड राहिला; अशा स्थितीत भारतातील पावसाला बळ मिळू शकते. त्या वर्षी अवकाळी पावसाने ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पाठ सोडली नाही आणि जिल्ह्यातील द्राक्षबागांचे मोठे नुकसान झाले. ज्याच्या बागेतले मणी तडकले आहेत, त्याला समुद्राच्या तापमानाचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. मात्र एका हंगामाच्या पावसामागे एकच कारण असते असे भासवू नये. अनेक घटकांपैकी हा एक मोठा घटक आहे, एवढेच म्हणावे.

या बाबतीत मी आग्रही आहे, कारण आकर्षक पण अर्धवट वाक्ये या विषयाचे नुकसान करतात. ‘आपला दर दुसरा श्वास समुद्र देतो’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात ऐकू येते. पृथ्वीवरील जवळपास निम्मे प्रकाशसंश्लेषण सागरी वनस्पती प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे वनस्पतींसारखे सूक्ष्म जीव, करतात हे खरे आहे, पण त्यातून निर्माण होणारा बहुतेक प्राणवायू समुद्रातच वापरला जातो. तेव्हा प्लवक हे सागरी अन्नसाखळीचा पाया आहेत, हे सांगावे. ते तितकेच विलक्षण आहे आणि पूर्णपणे खरेही.

श्रोत्यांकडून काय हवे आहे, ते एकच आणि करता येण्याजोगे मागावे. पापलेट 2023 मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी राज्याने मासेमारीसाठी 54 प्रजातींचे किमान आकार ठरवले. त्यात पापलेटसाठी 135 मिलिमीटर ही मर्यादा आहे. साडेतेरा सेंटिमीटर लांबीची पुठ्ठ्याची पट्टी कापून प्रत्येकाच्या हाती द्यावी आणि यापेक्षा लहान पापलेट घेऊ नका, असे स्पष्ट सांगावे. मासे न खाणाऱ्या श्रोत्यांना यातून बाजूला पडल्यासारखे वाटू नये. त्यांच्याशी नदीत जाणारे प्लास्टिक आणि निर्माल्य यांविषयी बोलावे.

गुजरातमधील व्हेल शार्कची मोहीम यासाठी अभ्यासण्यासारखी आहे. 2001 मध्ये कायद्याने संरक्षण मिळूनही या प्रचंड माशाविषयी किनाऱ्यावर आपुलकी नव्हती. 2004 मध्ये रामकथाकार मोरारीबापूंनी त्याला बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा दिली आणि पुढे मच्छीमारांनी स्वतःची जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडले. फाटलेल्या जाळ्यांची भरपाई सरकारने दिली, हेही सांगायला विसरू नये, कारण ज्याच्या पोटावर परिणाम होतो त्याचा विचार झाल्याशिवाय नुसते आवाहन टिकत नाही. नाशिकमध्ये कीर्तनकारांना आणि गोदाकाठच्या व्याख्यानमालांच्या संयोजकांना या कामात सहभागी करून घ्यावे. ते आपल्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांशी रोज बोलतात.

उत्सुक श्रोत्यांचा गट तयार झाला की त्याला रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला न्यावे. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिलदरम्यान समुद्रात सोडली जातात. पिल्ले बाहेर येण्याचा दिवस कोणालाही आधी नक्की सांगता येत नाही, म्हणून मुक्काम किमान दोन रात्रींचा ठेवावा आणि पिल्ले दिसतीलच असे आश्वासन देऊ नये. फ्लॅश वापरायचा नाही, पिल्लांना हात लावायचा नाही आणि दोरीच्या पुढे जायचे नाही, हे तिन्ही नियम बस नाशिकमधून निघण्यापूर्वीच सर्वांना समजावून द्यावेत.