भरलेली कळशी कमरेवर : चार सेकंदांचा कॅरेक्टर शॉट ब्लेंडरमध्ये कसा करावा

विद्यार्थ्यांच्या फिल्ममधलं कॅरेक्टर सगळ्यात जास्त कुठे फसतं, तर वजनात. मॉडेल सुरेख असतं, प्रकाशयोजनाही चांगली असते. पण बाई दहा लिटरची कळशी उचलते आणि ती कागदाची वाटते. म्हणून ब्लेंडर या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरसाठी इथे तोच शॉट घेतला आहे : नळावर उभी असलेली बाई वाकते, भरलेली कळशी उचलते आणि डाव्या कमरेवर घेते. ९६ फ्रेम, म्हणजे सेकंदाला २४च्या वेगाने चार सेकंद. पहिल्यांदा करणाऱ्याने यासाठी पूर्ण आठवडा धरावा. तीन मिनिटांच्या फिल्ममध्ये असे ४५ शॉट होतात, तेव्हा कथा लिहितानाच हा हिशेब करा.

पहिली की (एखाद्या फ्रेमवर नोंदवलेली पोझ) टाकण्याआधी फ्रेमरेट २४ करून घ्या. नंतर बदललात तर की आपापल्या फ्रेमवरच राहतात आणि सगळं टायमिंग बिघडतं.

मग रेफरन्स. स्वतः उचलून फोनवर शूट करा : एकदा समोरून, एकदा बाजूने. कळशी खरोखर भरलेली हवी. रिकामं भांडं जड असल्याचा अभिनय केला की हात ताणल्यासारखे दिसतात, पण कंबर हलत नाही. मग तीच चूक ॲनिमेशनमध्ये उतरते. बहुतेक फोन ३० फ्रेमने आणि तेही कमीजास्त वेगाने रेकॉर्ड करतात. हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये २४ आणि कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडून व्हिडिओ बदलून घ्या, नाहीतर फ्रेम मोजताना फसाल.

आता ब्लॉकिंग, म्हणजे मुख्य पोझ ठरवणं. प्रेफरन्सेसमध्ये ॲनिमेशनखाली डिफॉल्ट इंटरपोलेशन (दोन कींमधली हालचाल भरायची पद्धत) ‘कॉन्स्टंट’ करा. त्यामुळे पोझ एकदम बदलतात, मधलं काही कॉम्प्युटर भरत नाही. पोझ चुकलेली असेल तर लगेच दिसते. प्रत्येक पोझवर सगळ्या कंट्रोल्सना (कॅरेक्टरचे अवयव हलवायच्या खुणांना) की द्या, फक्त हललेल्यांना नको.

या शॉटचा सांगाडा असा :

फ्रेम १ ते १२ : उभी. आधी डोळे कळशीकडे जातात, तीन-चार फ्रेमनंतर मान.
२४ : वाकलेली. कंबर मागे गेलेली, गुडघे दुमडलेले, डावा पाय थोडा पुढे.
३० : एक हात कळशीच्या गळ्याला, दुसरा बुडाला.
३० ते ४० : कळशी जागची हलत नाही.
४१ : कळशी जमीन सोडते.
५८ : कळशी मांडीवर टेकवून क्षणभर आधार.
७० : डाव्या कमरेवर.
७८ : शरीर स्थिरावतं.
९६ : पहिल्या पावलाची तयारी.

यातल्या ३० ते ४० या दहा फ्रेममध्येच शॉटचा जीव आहे. हात पकडलेले, कोपरं हळूहळू सरळ होतात, खांदे एक-दोन सेंटिमीटर खाली ओढले जातात, कंबर आणखी थोडी खाली बसते. पण कळशी तिथेच. वजन कळतं ते या अडण्यातून. घाईत सगळे नेमका हाच भाग गाळतात. सुटल्यावरही पहिल्या सहा फ्रेममध्ये कळशी जेमतेम चार बोटं वर येते. आधी कंबर उठते, दोन फ्रेमनंतर छाती, सगळ्यात शेवटी हात. तिन्ही एकदम उठले की क्रेनने उचलल्यासारखं दिसतं.

तोल प्रत्येक पोझमध्ये तपासा. कळशी अंगापुढे आली की पाठ मागे जायलाच हवी. ती डाव्या कमरेवर बसली की कंबर डावीकडे बाहेर येते, धड उजवीकडे झुकतं आणि मोकळा उजवा हात अंगापासून सुटतो. ७०व्या फ्रेमनंतर कंबर किंचित खचते आणि ७८पर्यंत अर्धी परत वर येते. हा छोटा खच नसेल तर कळशी चिकटवल्यासारखी वाटते.

पकडीबद्दल : कळशी हाताला बांधू नका, हात कळशीला बांधा. दोन्ही हात आयके मोडवर (पंजा हलवला की कोपर आपोआप वळतं) ठेवा, हाताच्या कंट्रोल्सना ‘चाइल्ड ऑफ’ कन्स्ट्रेंट (एका वस्तूला दुसरीमागे नेणारं बंधन) लावून लक्ष्य कळशी ठेवा आणि ३०व्या फ्रेमवर ‘सेट इन्व्हर्स’ करा. इन्फ्लुअन्स, म्हणजे बंधनाचा जोर, २९ला शून्य, ३०ला एक, दोन्ही की कॉन्स्टंट. कळशी मात्र स्वतः ॲनिमेट करा. एका हाताला बांधलेली कळशी दुसऱ्या हातातून निसटतच राहते. हे काम ब्लॉकिंग पक्कं झाल्यावरच करा. नंतर ३०ची पोझ बदललीत तर हात एका फ्रेममध्ये उडी मारतो.

स्प्लाइनला, म्हणजे पोझ गुळगुळीत जोडायला, जायची घाई नको. बारा-बारा फ्रेमच्या अंतरावर पोझ असताना इंटरपोलेशन ‘बेझियर’ (गुळगुळीत वक्र) केलं की कॅरेक्टर पाण्यात तरंगल्यासारखं हलतं, कारण मधल्या सगळ्या फ्रेम कॉम्प्युटर सारख्याच गुळगुळीत करून टाकतो. आधी शिफ्ट आणि ई दाबून मधल्या पोझ घाला. साधारण दर चार फ्रेमला एक की आली की मगच डोप शीटमध्ये (सगळ्या की एकत्र दिसतात तिथे) सगळं निवडून टी दाबा आणि बेझियर करा. जिथे थांबायचं आहे तिथे तीच पोझ थोड्या फरकाने पुन्हा द्या. हुबेहूब तीच दिलीत तर बाई पुतळा होते.

यानंतर तीन बिघाड हमखास येतात. गुडघा एका फ्रेममध्ये फटकन सरळ होतो : पाय पूर्ण ताणला गेला आहे, कंबर जरा खाली घ्या. पाय जमिनीवर घसरतो : ग्राफ एडिटरमध्ये (हालचाल रेषांत दिसते तिथे) पायाची रेष दोन कींच्या मध्ये फुगली आहे, व्ही दाबून हँडल ‘ऑटो क्लॅम्प्ड’ करा. मनगट मध्येच गर्रकन फिरतं : ऑयलर रोटेशनचा (तीन अक्षांभोवतीच्या फिरण्याचा) आकडा १८० अंशांवरून उलटा पडला आहे, डिसकंटिन्युइटी फिल्टर चालवा. नाक आणि मनगटाचे मोशन पाथ (हालचालीची वाट) एकदा काढून पाहा. वक्र सलग हवा, कोपरा दिसला की तिथली की चुकली.

शॉटमध्ये संवाद असेल, समजा ‘पाणी संपलं’, तर अक्षरं पाहून नव्हे, ऐकून ओठ लावा. ‘पा’ला ओठ दोन फ्रेम मिटतात, आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी. ‘संप’मधला अनुस्वार बोलताना ‘म्’ होतो, म्हणून तिथे ओठ चारेक फ्रेम मिटलेले राहतात. पण ‘लं’वरच्या अनुस्वाराला ओठ मिटायचे नाहीत, तिथे तोंड सैल आणि उघडं. चिन्ह एकच, तोंडाचे आकार दोन. ‘णी’ला जीभ कोणी पाहत नाही, ओठांचे कोपरे ताणले तरी पुरतं. पापणी दोन फ्रेममध्ये मिटते, एक फ्रेम बंद राहते आणि तीन फ्रेममध्ये उघडते. नजर वळताना ती घाला.

तपासणीसाठी व्ह्यूपोर्ट रेंडर (कामाच्या खिडकीत दिसतं त्याचंच झटपट चित्रण) पुरेसा आहे. शॉट आडवा उलटवून एकदा पाहा, डोळ्यांना सवय झालेल्या चुका लगेच दिसतात. संकलनासाठी दोन्ही टोकांना आठ-आठ फ्रेम जास्त करा, म्हणजे एकूण ११२. अंतिम रेंडर पीएनजी फ्रेममध्येच, म्हणजे सुट्या चित्रांतच काढा : मध्येच वीज गेली तर व्हिडिओची अख्खी फाइल जाते, पण पीएनजी जिथे थांबले तिथून पुढे काढता येतात. शेवटची अर्धवट फ्रेम तेवढी पुसून टाका आणि आउटपुटमधली ‘ओव्हरराइट’ची खूण काढा.