नगरपंचायतीचा सायबर विमा : फॉर्मच्या आधी टेबल आवरा

सायबर विमा म्हणजे हॅकिंग, डेटाफुटी, ऑनलाइन फसवणूक यांतल्या नुकसानीचा विमा. त्याचा दावा अडतो तो बरेचदा प्रस्ताव-फॉर्मवरच. 'बॅकअप नियमित घेता का?' यापुढे सवयीने 'होय' लिहिलं आणि शेवटचा बॅकअप मागच्या मार्चचा निघाला, तर चुकीची माहिती दिली म्हणून कंपनी हात वर करू शकते. तेव्हा दरपत्रकं मागवण्याआधी कार्यालय बघा.

सुरुवात डीएससीच्या, म्हणजे डिजिटल सहीच्या, यूएसबी डोंगलपासून. मुख्याधिकाऱ्यांचा आणि लेखापालांचा, दोन्ही डोंगल एकाच सीपीयूला लागलेले आणि पिन कीबोर्डखाली चिकटवलेला, असं चित्र दिसलं तर सगळ्यात महागडं भोक तिथंच आहे. देयकाला दोघांची मंजुरी लागते ती एकाने दुसऱ्यावर नजर ठेवावी म्हणून. ऑपरेटरच्या हातात दोन्ही असले की ती फक्त कागदावर उरते. पिन बदला, काम संपलं की डोंगल काढून ज्याचा त्याच्या कुलपात ठेवा. ओटीपीचा नंबरही अधिकाऱ्याचाच हवा. सॉफ्टवेअरवाल्यासाठी एनीडेस्क (दुरून संगणक चालवायचं ॲप) कायम उघडं ठेवू नका. त्याचा फोन आला की सुरू करा, काम झालं की बंद.

मालमत्ता कर आणि पाणीपट्टीच्या डेटासाठी दोन बाह्य हार्डडिस्क घ्या, आलटून पालटून वापरा. कॉपी झाली की लगेच काढा, कारण रॅन्समवेअर, म्हणजे फाईली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, जोडलेली डिस्कही लॉक करतो. एक डिस्क दुसऱ्या इमारतीत ठेवा. गडचिरोली-मेळघाटाकडे लाइन केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि कॉपी अर्धवट तुटली की फाईल खराब होते, यूपीएस हवाच. महिन्यातून एकदा डिस्कमधली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. न उघडलेला बॅकअप बॅकअप नव्हे.

डेटाफुटीला हॅकरच लागतो असं नाही. आधार आणि खाते क्रमांकासकट घरकुलाची यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, तरी डेटा फुटलाच. आधारचे शेवटचे 4 अंक सोडून बाकी झाका.

आता पॉलिसी. विमाधारकाच्या व्याख्येत 'कंपनी' असेल तर 'नगरपंचायत' असं लेखी करून घ्या. कर-प्रणाली खाजगी ठेकेदाराच्या सर्व्हरवर असेल तर तिथली गळती धरली आहे का, ते विचारा. फसव्या ई-मेलवरून पैसे वळते झाले तर त्याची मर्यादा बहुधा वेगळी आणि बरीच लहान असते. वजावट (नुकसानीतला आपण सोसायचा वाटा) किती, आणि तज्ज्ञ बोलावण्याआधी कंपनीची संमती लागते का, हेही बघा.

घटना घडली की नेटची केबल काढा, स्क्रीनचा फोटो घ्या. संगणक बंद करू नका, फॉरमॅट तर मुळीच नको. पुरावाच पुसला जातो. पैसे गेले असतील तर आधी बँक आणि 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत तिला कळवावं लागतं, आणि लॉग (संगणकातल्या हालचालींच्या नोंदी) 180 दिवस जपावे लागतात. बँक, 1930, सर्ट-इन आणि विमा कंपनी यांचे नंबर कागदावर लिहून भिंतीवर लावा. संगणक लॉक झाल्यावर त्यातली यादी काय कामाची?

ही पॉलिसी बहुधा मुदतीत नोंदवलेल्या दाव्यालाच लागू असते. खंड पडला तर मागच्या घटनांचं संरक्षणही जाऊ शकतं. म्हणून नूतनीकरणाचा ठराव दोन महिने आधी घ्या, आणि मध्ये आचारसंहिता येते का ते बघा.