लायब्ररीला पीडीएफ पाठवू नका: ई-पुस्तकवाल्या लेखकांनो, या चुका टाळा

लेखक स्वतःच्या खर्चानं पुस्तक काढतो, किंडलवर चढवतो आणि काही महिन्यांनी मला फोन करतो, "ताई, अमेरिकेतल्या लायब्रऱ्यांत कसं जाईल हो हे?" प्रश्न अगदी रास्त. पण फोन येईपर्यंत त्यानं बहुतेक कामं उलट्या क्रमानं उरकलेली असतात. ई-पुस्तकांच्या फायली तयार करून देणं हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे तेच तेच घोळ निस्तरून आता कंटाळा आलाय.

पहिला घोळ पीडीएफचा. परदेशातली सार्वजनिक ग्रंथालयं तुमच्याकडून फाईल घेत नाहीत. ती ई-पुस्तकाचा परवाना विकत घेतात, आणि तोही ठरलेल्या पुरवठादाराच्या कॅटलॉगमधून. ओव्हरड्राइव्ह हा त्यातला सर्वांत मोठा. वाचक फोनवर ज्या लिबी ॲपमध्ये पुस्तक उघडतात, ते त्याचंच. शिवाय हूपला आहे, क्लाउडलायब्ररी आहे, ऑस्ट्रेलियाकडे बॉरोबॉक्स आहे. एकट्यादुकट्या लेखकानं तिथे पोचायचा नेहमीचा रस्ता म्हणजे ड्राफ्ट टू डिजिटलसारखा, पुस्तक अनेक दुकानांत आणि कॅटलॉगांत पोचवणारा वितरक, किंवा ओव्हरड्राइव्हपुरतं कोबो रायटिंग लाइफ, म्हणजे कोबो या ई-पुस्तकांच्या दुकानाची लेखकांसाठीची सेवा. (स्मॅशवर्ड्स हा जुना वितरक २०२२ मध्ये ड्राफ्ट टू डिजिटलमध्ये विलीन झालं. त्याआधीचे लेख वाचून पावलं टाकू नका.)

इंग्रजीत कादंबरी लिहिणाऱ्या पुण्याच्या एका गृहस्थांनी हे काहीच न करता थेट मोहीम उघडली. इंटरनेटवरून अमेरिकेतल्या ग्रंथालयांचे पत्ते गोळा केले आणि सगळ्यांना एकच ईमेल धाडला: सोबत गूगल ड्राइव्हची लिंक, कादंबरी आपल्या वाचकांसाठी विनामूल्य ठेवावी. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. ज्यांनी दिलं, त्यांनी नम्रपणे एवढंच विचारलं की पुस्तक कोणत्या पुरवठादाराकडे आहे. गृहस्थ भडकले. "फुकट देतोय तर यांना पुरवठादार हवा!" अहो, हवाच. ग्रंथपालाला ते पुस्तक कार्डधारकाच्या नावावर द्यायचं असतं, मुदत संपली की परत घ्यायचं असतं, कॅटलॉगमध्ये दाखवायचं असतं. ड्राइव्हच्या लिंकवर यातलं काय होणार? वर ती लिंक पुढे कुठे कुठे फिरली, ते आता त्यांनाही सांगता येत नाही.

माझा शिरस्ता असा: पुस्तक ओव्हरड्राइव्हच्या कॅटलॉगमध्ये दिसू लागेपर्यंत कोणालाही पत्र लिहायचं नाही. दिसू लागलं की तिथे राहणाऱ्या, खरोखर वाचणाऱ्या नातेवाइकाला सांगायचं. आपल्या ग्रंथालयाकडे नसलेल्या पुस्तकावर लिबीमध्ये 'नोटिफाय मी'ची खूण करता येते आणि ती मागणी ग्रंथालयापर्यंत पोचते. बऱ्याच ग्रंथालयांचा खरेदी सुचवण्याचा वेगळा अर्जही असतो. मात्र हे सगळं तिथल्या कार्डधारकानंच करायचं. अमेरिकेत फ्रीमाँटमधली भाची स्वतःच्या ग्रंथालयात मागणी करते, तेव्हा त्या मागणीला वजन असतं. महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "सर्वांनी क्लिक करा" टाकून आलेल्या मागण्यांवर माझा विश्वास नाही. पुस्तक विकत घेतलं गेलं आणि एकदाही कोणी नेलं नाही, तर तुमच्या पुढच्या पुस्तकाची गोष्ट तिथेच संपते.

आता मराठी पुस्तकांकडे येते, कारण माझे सर्वांत जास्त दिवस यात जातात. आधी वितरकाच्या भाषांच्या यादीत मराठी आहे का ते बघा. यादीत नाही म्हणून गुपचूप 'हिंदी' निवडणारे महाभाग मी पाहिलेत. मग मराठी वाचकाला ते पुस्तक भाषेवरून शोधताच येत नाही.

दुसरं म्हणजे फाँट. एक निवृत्त इंजिनियर काका, नर्मदा परिक्रमेवरचं छान पुस्तक. छापखान्यानं दिलेली फाईल जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये. अशा फाँटमध्ये पडद्यावर 'नर्मदा' दिसतं, पण फाईलच्या पोटात रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं असतात. काकांच्या संगणकावर तो फाँट होता, त्यामुळे तिथे सगळं झकास. पुतण्यानं फुकटच्या कन्व्हर्टरमधून ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाईल, काढलं आणि चढवलं. फोनवर उघडलं तर पानभर अगम्य खुणा. मग पुतण्यानं शॉर्टकट काढला: प्रत्येक पानाचं चित्र करून ईपबमध्ये घातलं. दिसायला मराठी दिसू लागलं खरं, पण फाईल अवाढव्य झाली, शब्द शोधता येईना, आणि मुख्य म्हणजे अक्षर मोठं करता येईना. लिबीवर मराठी पुस्तक वाचणार कोण, तर मुलांकडे राहायला गेलेले आईवडील. त्यांना अक्षर मोठं करता आलं नाही, तर ई-पुस्तकाचा उपयोग काय?

शेवटी मूळ फाईल युनिकोडमध्ये बदलून घेतली, आणि खरा छळ तिथून सुरू झाला. बदलताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालं, काही ठिकाणी पहिल्या वेलांट्या एक अक्षर पुढे सरकल्या. सगळं पुस्तक ओळीओळीनं पुन्हा तपासावं लागलं. काका म्हणाले, "एवढ्या वेळात मी आणखी एक परिक्रमा केली असती."

तेव्हापासून कोणतीही मराठी फाईल आली की मी ती आधी फोनवर उघडते आणि तीन शब्द शोधून बघते: एक रफाराचा, एक 'ऱ्या'चा, एक 'ळ'चा. तिन्ही सापडले तर पुढचं बोलायचं. नाहीतर आधी टायपिंग. कन्व्हर्टरनं पाच मिनिटांत होतं, असं सांगणाऱ्याला त्याच कन्व्हर्टरनं काढलेलं एक पान मोठ्यानं वाचायला लावा.

किंमतीचं थोडक्यात सांगते. ग्रंथालयासाठी वेगळी किंमत ठरवता येते. मोठे प्रकाशक अनेकदा दोन वर्षांत संपणारा परवाना दुकानातल्या किमतीच्या कित्येक पटींनी विकतात. तुमचा न संपणारा परवाना हीच तुमची जमेची बाजू, तेव्हा त्यांच्या किमती बघून हुरळून जाऊ नका. दर उसनवारीमागे पैसे मिळण्याचा पर्यायही जरूर निवडा. ड्राफ्ट टू डिजिटलमध्ये त्यासाठी ग्रंथालयाला किमतीच्या साधारण एक दशांश रक्कम पडते. कोणी पुस्तक नेईपर्यंत ग्रंथालयाचा एक पैसाही खर्च होत नाही, त्यामुळे अनोळखी लेखकाला संधी द्यायला ते कचरत नाहीत. हूपला मुख्यतः याच पद्धतीवर चालतं.

ॲमेझॉनच्या केडीपी सिलेक्ट या योजनेची खूण न वाचता करू नका. ई-आवृत्तीची विक्री ९० दिवस ॲमेझॉनपुरती बांधली जाते आणि बंद केलं नाही तर मुदत आपोआप पुढे सरकते. त्या काळात पुस्तक कोबोच्या दुकानात दिसलं की निस्तरत बसा.

ओव्हरड्राइव्हला दोन वाटांनी एकच पुस्तक पाठवू नका, कोबो किंवा वितरक, एकच. छापील आवृत्तीचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, ई-आवृत्तीला चिकटवू नका. भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी तो फुकट देते. लेखकाचं नाव सगळीकडे एकाच पद्धतीनं लिहा. करासाठी डब्ल्यू-८ बेन फॉर्म भरा, नाहीतर अमेरिकेत रॉयल्टीतून ३० टक्के कापले जातात. भारताशी असलेल्या करारामुळे ते १५ टक्क्यांवर येतात. आणि एआयकडून आठवड्याला एक पुस्तक लिहून घेऊन चढवत असाल तर थांबा: २०२५ मध्ये असल्या पुस्तकांवरून बोंब झाल्यावर हूपलानं पुस्तकं काढून टाकली.

राहिलं आपलं महाराष्ट्रातलं गावचं वाचनालय. तिथे ई-पुस्तक विकायला जाऊ नका. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली चालणारी अ, ब, क, ड वर्गातली ग्रंथालयं अनुदानावर जगतात, आणि तपासणीला आलेला माणूस दाखलनोंद वही आणि कपाट बघतो. तिथे छापील प्रतच लागते. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठीही प्रत पाठवावी लागते. तिची मुदत चुकवू नका. आणि छापलंच, तर १९५४ च्या कायद्यानं प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या नेमून दिलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चानं एकेक प्रत पाठवायची असते. प्रकाशक तुम्हीच आहात, तेव्हा टपालखर्चही तुमचाच.