जुन्या गाडीचं ब्रेक ऑइल: आधी झाकण वाचा
ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण पुसून त्यावरचा ग्रेड वाचा. डॉट ३ असेल तर डॉट ४ चालतं. सिलिकॉनचं डॉट ५ मात्र त्यात कधीच मिसळू नका. इंजिन ऑइल तर थेंबभरही नको, रबरी सील फुगतात.

हे ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ च्या आसपास येऊ शकते. मग घाट उतरताना आत वाफ धरते आणि पेडल पोकळ जातं. म्हणून दर दोन वर्षांनी पूर्ण बदला, तेही सीलबंद डब्यातलं.

पातळी उतरली तर लगेच भरू नका. आधी पॅड किती झिजलेत ते पाहा, चाकांच्या आतून गळती तपासा.