कॅन्सरची डीएनए तपासणी: ब्लॉक पाठवण्याआधी आणि रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

लातूर, नांदेड, बीडकडे बायोप्सी जवळच होते, पण गुणसूत्रांची तुटफूट शोधणाऱ्या सिक्वेन्सिंगसाठी (डीएनएचा क्रम वाचण्यासाठी) ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, अनेकदा पुण्या-मुंबईला जातो. ‘नमुना अपुरा’ असा रिपोर्ट आला की लॅबला बोल लावतात. खरं नुकसान बहुधा आधीच, तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मालिनच्या बाटलीत झालेलं असतं.

साधं, बफर नसलेलं फॉर्मालिन आम्लधर्मी होतं आणि डीएनएचे तुकडे पाडतं. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनच वापरा. तुकडा त्यात ६ ते ७२ तास पुरे. शनिवारी काढलेली बायोप्सी सणाच्या सुट्टीत तशीच पडून राहू देऊ नका. तुटफुटीनंतर दोन जनुकं कुठं जोडली गेली (याला ‘फ्युजन’ म्हणतात) हे कळायला त्या सांध्यावरून जाणारे डीएनएचे तुकडे लागतात. ते फारच आखूड असले तर सांधा निसटतो. हाडाची बायोप्सी तीव्र आम्लात मऊ करू नका, ईडीटीए हे सौम्य रसायन वापरा. वेळ जास्त लागतो, पण डीएनए वाचतो.

सगळ्यात घातक चूक मात्र रिपोर्ट वाचताना होते. ‘फ्युजन आढळलं नाही’ म्हणजे फ्युजन नाहीच, असं समजू नका. तुटण्याची जागा बहुधा इंट्रॉनमध्ये (जनुकातल्या प्रथिनाची माहिती नसलेल्या भागात) असते, आणि पुष्कळ पॅनेल, म्हणजे निवडक जनुकांच्या तपासण्या, मुख्यतः एक्सॉन (प्रथिनाची माहिती असलेला भाग) वाचतात. एनटीआरके या कॅन्सरशी संबंधित जनुकांचे काही इंट्रॉन तर इतके लांब की डीएनए पॅनेलला ते पूर्ण झाकणं अवघड. म्हणून लॅबला थेट विचारा: कोणते इंट्रॉन वाचले? आरएनए (जनुकावरून पेशीत बनणारी प्रत) तपासणी केली का? फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये एएलके या जनुकाचं फ्युजन सापडलं तर गोळ्यांचा उपचार मिळू शकतो. अर्धवट तपासणीपायी ती संधी जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

उलटही घडतं. नमुना तयार करताना वेगवेगळे तुकडे चुकून जुळतात आणि खोटं फ्युजन दिसतं. एक-दोन रीड्सवरच (वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांवरच) आधारलेला निष्कर्ष फिश (चमकणाऱ्या खुणांनी गुणसूत्रं पाहणं) किंवा पीसीआरने (डीएनएच्या ठरावीक भागाच्या प्रती वाढवून) पडताळा. रुग्णाचं रक्तही सोबत पाठवा, नाहीतर जन्मजात फरक गाठीचा समजला जातो.

प्रत्येक रुग्णाला मोठं सिक्वेन्सिंग लागतही नाही. सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल ठरलेली. तिथं त्यातून बनणाऱ्या बीसीआर-एबीएल फ्युजनची पीसीआर तपासणी रक्तावर होते आणि खर्चही कमी येतो.

आयएचसीसाठी (प्रथिनं रंगवून पाहण्याच्या तपासणीसाठी) ब्लॉक पुन्हा पुन्हा कापू नका. लागणारे सगळे काप एकाच वेळी घ्या, आणि उरलेला ब्लॉक परत मागा.