गरोदर बाईला घरची स्वच्छता शिकवायची तर रांगत्या बाळाच्या नजरेनं

पहिलटकरीण सातव्या महिन्यानंतर माहेरी जाते. पण बाळ रांगायला लागतं तोवर ती सासरी परतलेली असते. म्हणून ती माहेरी जाण्याआधी एकदा सासरच्या घरीच बसा, आणि सासूबाईंना बोलवूनच. पाण्याचा हिशेब त्यांच्याच हातात असतो.

तिला बाजेवर बसू द्या. तुम्ही ओसरीवर खाली बसा आणि विचारा, "बाळ इथं रांगताना त्याच्या हाताला काय काय लागंल?" कोंबड्यांची घाण, शेळीच्या लेंड्या, चपला, न्हाणीचं सांडपाणी... यादी तीच करते. मग सांगा की तो हात तोंडात जातो. घाणीतले जंतू रोज पोटात गेले की हगवण न लागताही आतडं आतून झिजू शकतं, खाल्लेलं नीट अंगी लागत नाही आणि उंची खुंटू शकते. कोंबड्या रात्री घरात न ठेवता खुराड्यात, आणि बाळासाठी ओसरीवर एक धुता येईल अशी चटई, एवढं आधी ठरवून घ्या.

बाळाची शी हा अवघड विषय. "लेकराची शी कुठं घाण असते?" असं हमखास ऐकू येतं. ती मोठ्यांच्या इतकीच जंतूंची असते. उकिरड्यावर नाही, संडासातच टाकायची.

टँकरच्या गावात "सारखे हात धुवा" म्हणालात तर हसतील. थोड्या पाण्यात हात धुवायला बाटलीच्या झाकणाला भोकं पाडा, पाण्यात थोडी कपड्यांची पावडर घाला. शी धुतल्यावर आणि बाळाला भरवण्याआधी, या दोन वेळा तरी चुकवायच्या नाहीत.

प्यायचं पाणी उकळून किंवा आशाताईंकडच्या मेडिक्लोरनं (क्लोरीनचं औषध) शुद्ध करून झाकून ठेवायचं, ओगराळ्यानंच काढायचं. बाळाला मात्र पहिले 6 महिने पाणी, मध, घुटी काहीच नाही, अंगावरचं दूधच.

सासूबाई विचारतील, "एवढं केलं की पोरगं उंच होईल का?" उगाच हो म्हणू नका. बांगलादेश आणि केनियातल्या मोठ्या चाचण्यांचे निकाल 2018 मध्ये आले. नुसतं पाणी, संडास, हात धुणं यानं उंची वाढली नाही. पोषणाची जोड दिली तिथं थोडी वाढली. म्हणून गरोदरपणातली लोहाची गोळी, आणि 6 महिन्यांनंतर बाळाला घट्ट वरण-भात, अंडं, हेही त्याच बैठकीत बोला.

पुढच्या खेपेला काही विचारू नका. प्यायला पाणी मागा आणि ते कशानं काढतात ते बघा.